चौकोन मागच्या गवतात

१६ नोव्हेंबर, रविवार. दुरुस्तीवाल्याला पाठवायला खराब फोटो निवडायचे होते. चांगले नव्हेत, खराब. चंद्रपूरच्या त्या माणसाने फोनवर बजावलं होतं, “मॅडम, बिघडलेले फोटो डिलीट नका करू. मूळ साइजमध्येच पाठवा. व्हॉट्सअॅपवर टाकाल तर मला काही समजणार नाही.” तोवर मी उलटंच करत आले होते. फोटो पुसट आला की तिथल्या तिथे उडवायचा. कार्डावर कचरा कशाला? त्या फोननंतर मात्र सगळे ठेवले होते.

मूल या तालुक्याच्या गावी, आमच्या घरी दुपारची जेवणं उरकली होती. नवरा आतल्या खोलीत आडवा झाला होता. मी भांडी घासली, हात पुसले आणि लॅपटॉप उघडून बसले.

कॅमेरा मिररलेस आहे. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात असतो तसा आरसा त्यात नसतो, त्यामुळे तो लहान आणि हलका. फोकस तो स्वतःच शोधतो. काय शोधायचं ते आपण मेनूत सांगून ठेवायचं. सापडलं की पडद्यावर त्याच्याभोवती एक छोटा चौकोन उमटतो आणि समोरचं हललं तर चौकोनही सोबत सरकतो. हा चौकोनच बिघडला होता.

घरात, अंगणात, दवाखान्यातल्या निरोप समारंभात तो नीट चालायचा. माझ्या मोठ्या जाऊचा फोटो तिच्या शेतात काढायला गेलं की वेडेपणा सुरू. चौकोन तिच्या अंगावर टिकायचाच नाही. थोडा वेळ इकडेतिकडे थरथरायचा, मग तिच्या खांद्यावरून पलीकडे जायचा आणि मागच्या गवतात जाऊन बसायचा. फोटोत जाऊ धुरकट, मागचं गवत मात्र काडी न् काडी स्वच्छ.

“तुह्या कॅमेऱ्याले मी आवडत नाई वं,” जाऊ म्हणाली होती.

फोटोची फर्माईश तिचीच. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, गेल्यापासून ती गावात एकटी राहते. दोन्ही मुलं बाहेरगावी कामाला. दिवाळीत मी फराळ घेऊन गेले तेव्हा तिने विषय काढला. “मी मेल्यावर पोट्टे आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून भिंतीले लावतीन. त्यात मी चोरावानी दिसतो. तुह्यापाशी एवढा कॅमेरा हाय, तं एक काढून ठेव आताच. पण शेतातला पायजे. लग्नातला नको. लग्नात मी उसन्या तोंडाची असतो.”

शेतातला म्हणजे बोडीवरचा. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला शेतात राखलेलं लहान तळं. जाऊच्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या तुकड्यांच्या, टोकाला ती आहे आणि तिच्या पलीकडे लगेच जंगल सुरू होतं. बोडीच्या काठाला पुरुषभर गवत असतं. जाऊची गाय नुकतीच व्याली होती, म्हणून रोज उन्हं उतरली की ती विळा घेऊन तिथे जायची, वाकून भाराभर गवत कापायची आणि डोक्यावर घेऊन परत यायची. एकटी.

हे एकटं जाणं मला पसंत नव्हतं. आमच्या भागात ते कुणालाच पसंत नसतं. उन्हाळ्यात पलीकडच्या गावची एक बाई तेंदूपानं तोडताना गेली. तेव्हापासून जंगल खात्याची माणसं गावोगाव सांगत फिरत होती की एकटं जाऊ नका, संध्याकाळी जाऊ नका, जास्त वेळ वाकून काम करू नका. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. जाऊला मी हे सांगितलं तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “मंग धान उभ्यानं कापू?” मी फोटो काढायच्या मागे लागले.

तर त्या रविवारी मी फोल्डर उघडलं. पहिला फोटो, शंभर टक्के मोठा. जाऊचा हिरवा पदर, कडेला ओघळलेला, सगळा धुरकट. मी चित्र डावीकडे सरकवलं. कुठे फोकस गेला आहे ते दुरुस्तीवाल्याला नेमकं दाखवायचं होतं. तेवढ्या भागावर लाल गोल करून पाठवायचा बेत होता.

गवताच्या काड्या दिसल्या. अगदी धारदार. काड्यांच्या मागे काहीतरी पिवळं, मध्ये एक पांढरा ठिपका. वाळलेलं पान असेल. मी आणखी मोठं केलं.

पान नव्हतं. डोळा होता.

मधासारख्या रंगाचा, गोल बाहुलीचा, उघडा. वरती पांढरा डाग आणि त्यावर काळी रेघ. एक मिशी गवतावरून आडवी आलेली. आणि तो डोळा कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. तो जाऊच्या पाठीकडे बघत होता.

मी दिवसभर लोकांच्या हाडांचे आणि छातीचे फोटो काढते. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे विभागात माझी नोकरी आहे, केस काळे होते तेव्हापासून. श्वास घ्या, रोखा, सोडा. मला सावल्या वाचायची सवय आहे. एखादी गाठ एकदा दिसली की मग ती न दिसणं शक्य नसतं, आधी कशी दिसली नाही याचंच नवल वाटतं. इथे तसंच झालं. डोळ्याच्या कडेने गाल दिसला, गालाच्या वर कान, कानामागे खांद्याचा उंचवटा, आणि मी ज्याला सावली समजत होते ते पट्टे. सगळं जनावर बसलेलं होतं. पुढचे पाय अंगाखाली घेऊन, मांजर बसतं तसं.

मी उठले आणि पाणी प्यायले. परत येऊन बसले, तरी ते तिथेच होतं.

दुसरा फोटो उघडला. त्यात नुसतं गवत. तिसऱ्यात डोळा. चौथ्यात डोळा नाही, पण कान. त्या फोटोंत जाऊची साडी निळी होती. म्हणजे वेगळा दिवस. ते वाट चुकून आलेलं नव्हतं. ते तिथे राहत होतं.

आता त्या सगळ्या दिवसांत मी काय करत होते ते सांगते.

मी कॅमेरा दुरुस्त करत होते.

आमच्या कामाची एक रीत आहे. फोटोत नको ते दिसलं तर आधी यंत्रावर संशय घ्यायचा. प्लेटवर धूळ असेल, पेशंटच्या गळ्यातला ताईत असेल, मशीनची जागा हलली असेल. यंत्र निर्दोष ठरल्याशिवाय डॉक्टरांना “साहेब, डाग आहे” म्हणायचं नाही. ही रीत मी घरीही वापरली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. आधी लेन्स काढून मागच्या सोनेरी टिकल्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या. फरक नाही. मग लेन्स बदलली. फरक नाही. बॅटरी बदलली. कार्ड बदललं. लेन्सला बुरशी आली का म्हणून टॉर्च मारून बघितलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्मेवाल्याकडेही जाऊन आले. प्रत्येक बदलानंतर पुन्हा जाऊच्या शेतात, पुन्हा बोडीवर, कारण बिघाड फक्त तिथेच व्हायचा. जागा तेवढी मी कधी तपासली नाही.

चौकोन मागे जायचा तेव्हा मी जाऊला काय म्हणत होते? “बाई, थोडं मागं सरका.” माणूस आणि मागचं गवत यांच्यात अंतर कमी झालं तर दोन्ही स्पष्ट येतील, असं माझं गणित. ती सरकायची. “आणखी थोडं.” ती आणखी सरकायची. मग एकदा मी म्हटलं, “अशा उभ्या नका राहू, खंबा दिसता. विळा घ्या आणि वाका. खरं कापल्यासारखं करा.” ती वाकली.

त्या वाकलेल्या फोटोतच तो डोळा सगळ्यात स्वच्छ आला आहे.

आणि चौकोन? चौकोन तर चुकत नव्हताच. मी मेनू उघडून बघितला. ‘काय शोधायचं’ या ओळीपुढे ‘प्राणी’ लिहिलेलं होतं. ते मीच केलं होतं, मागच्या मे महिन्यात. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या हातात कॅमेरा येतो तो पहिल्यांदा वाघ बघायला जातो. मीही गेले. सफारीच्या जिप्सीत बसल्या बसल्या पहिलं काम हेच केलं, कॅमेऱ्याला सांगितलं की प्राणी शोध. सकाळची फेरी, दुपारची फेरी, पुढच्या आठवड्यात पुन्हा. वानरं दिसली, चितळं दिसली, एक मोर दिसला. वाघ दिसला नाही. मी चिडून कॅमेरा पिशवीत टाकला आणि ते ‘प्राणी’ तसंच राहिलं. अंगणात माणसांचे फोटो नीट यायचे, कारण प्राणी सापडला नाही की तो जवळचं जे असेल ते धरतो. बोडीवर त्याला प्राणी सापडत होता.

दुरुस्तीवाल्याने पहिल्याच दिवशी फोनवर विचारलं होतं, “मॅडम, एकदा पूर्ण रीसेट मारून पाहा ना.” मी टाळलं. सगळ्या सेटिंग उडतील, पुन्हा कोण करणार? ते केलं असतं तर कॅमेरा मूळ सेटिंगवर आला असता, म्हणजे माणसाचा चेहरा शोधायला लागला असता. जाऊचा फोटो छान आला असता. विळा हातात, तोंडावर ऊन, डोळे बारीक. मागे पिवळसर धूसर काहीतरी, गवत असावं असं. मी तो मोठा करून चौकटीत बसवला असता, तिने तो भिंतीवर लावला असता, आणि ती रोज बोडीवर जात राहिली असती.

हे लक्षात आलं तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं. समोरच्या भिंतीवरचं ऊन उतरायला लागलं होतं. जाऊची निघायची वेळ.

फोन लावला. वाजला, वाजत राहिला. ती फोन घरी चार्जिंगला लावून शेतात जाते. पडून हरवायला नको म्हणून. पुन्हा लावला. नाही.

मग जंगल खात्याच्या बीटगार्डला लावला. गेल्या वर्षी त्याच्या बरगडीचा फोटो मीच काढला होता, तेव्हापासून नंबर आहे.

“बोला मॅडम.”

“आमच्या जाऊच्या बोडीवर वाघ आहे.”

“कोण पाहिला?”

“कॅमेऱ्यानं.”

तो म्हणाला, “मॅडम, असं खूप फोन येऊन राह्यले. कोणी कुत्रं पाह्यते, कोणी रानमांजर. फोटो असन तं पाठवा.”

मी मोबाइलने लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो काढला आणि पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या आणि लगेच फोन वाजला. आवाज बदललेला होता. “बाई कुठी हाय? घरीच ना? तिले बाहेर निघू देऊ नका. मी येतो.”

नवऱ्याला उठवलं. तो उठून बसून “काय झालं” म्हणेपर्यंत मी कॅमेरा गळ्यात अडकवून स्कूटी बाहेर काढली होती. गाव फार लांब नाही. राइस मिलच्या वळणावर धानाची पोती भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग होती. मी मातीतून, कडेने स्कूटी काढली. एरवी मी असं चालवत नाही.

जाऊच्या दाराला कडी. गाय खुंट्याला, वासरू तिच्या पोटाशी. पडवीच्या वाशात विळा खोचलेला असतो, ती जागा रिकामी.

डोकं चालत होतं. एकटीने धावत जाण्यात अर्थ नव्हता. मी गेले असते तर गवतात दोन बाया झाल्या असत्या. शेजारी एकाचा ट्रॅक्टर धान टाकून नुकताच आला होता. इंजिन चालू, आणि त्या भागातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर असतात तसे दोन भोंग्यांएवढे स्पीकर. गाणं लावून तो चाक तपासत होता.

“भाऊ, बोडीवर चला. आत्ता. जनावर आहे, आणि आमच्या बाई तिथेच आहेत.”

त्याने एक शब्द विचारला नाही. चढला. मी मागे ट्रॉलीत चढले आणि ओरडले, “गाणं बंद नका करू! मोठं करा!” त्याने आवाज शेवटपर्यंत नेला. हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. कापलेल्या बांध्यांतून, बांधाचे धुरे ओलांडत, आम्ही असे गेलो. कुठलं तरी लग्नातलं गाणं होतं. ट्रॉली रिकामी असल्याने मी लोखंडाला धरून उडत होते आणि डोळे बोडीच्या काठावर. काठावर गवत होतं. कुणी उभं नव्हतं.

मी माझ्या नोकरीत पुष्कळ काही पाहिलं आहे. ट्रॅक्टरखाली आलेले पाय पाहिले आहेत. पण त्या रिकाम्या काठाकडे बघताना जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं. मला काही ऐकू येईना. इतका गोंगाट आणि मला ऐकू येईना.

मग गवतातून हिरवा पदर वर आला. कमरेवर हात ठेवून जाऊ उभी राहिली. विळा हातात, तोंडावर संताप.

“वरात कोणाची वं ही?” ती ओरडली. “माह्या शेतातून काऊन आणली?”

“बाई, इकडे या! आधी ट्रॉलीत बसा!”

“काऊन? कोण मेलं?”

“कोणी नाही. या!”

“भारा बांधाचा हाय माहा.”

“भारा राहू द्या!”

“राहू द्या म्हणजे? तू कापून देतं का गाईले?”

ट्रॅक्टरवाला खाली उतरला नाही. ट्रॅक्टर त्याने तसाच तिच्याजवळ नेला, गवत आणि तिच्यामध्ये उभा केला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “काकू, जनावर हाय मागं. चढ.” तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चढली. चढताना सुटा भारा तिने हाताने ओढून ट्रॉलीत घेतला तो घेतलाच. अर्धं गवत वाटेत सांडलं.

परतीच्या वाटेवरही गाणं चालूच होतं.

घरी पडवीत बसल्यावर मी कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने कनवटीचा चष्मा काढला, काचा पदराने पुसल्या.

“हे मी?”

“हो.”

“मी तं दिसूनच नाई राह्यली. नुसता पदर.”

“पदर नका बघू. पदराच्या मागे बघा.” मी बटण दाबून मोठं करत गेले. गवत. काड्या. आणि ते.

ती बघत राहिली. खूप वेळ. मग चष्मा डोळ्यांवरून वर केला, पुन्हा खाली घेतला. ट्रॅक्टरवाला तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. तो दोन पावलं मागे सरला, जणू ते पडद्यातून बाहेर येणार होतं.

“हा कवाचा फोटो?” जाऊने विचारलं.

“तुम्ही वाकलात तेव्हाचा.”

“मी वाकली नोती,” ती म्हणाली. “तू म्हणली होतीस वाका. आणखी मागं सरका, असंबी म्हणली होतीस.”

“हो.”

“मी सरकली.”

“हो, बाई.”

तिने कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला, हळू, अंडं ठेवतात तसा. मग उठून गायीपुढे ते अर्धं गवत टाकलं आणि पाठमोरीच म्हणाली, “त्याचा तं मस्त आला फोटो. माह्या पोट्ट्यायनं तोच लावाव भिंतीवर.” ट्रॅक्टरवाला हसला. मी हसू शकले नाही.

बीटगार्ड आला. त्याने फोटो पाहिले, जागा विचारून घेतली, कार्ड मागितलं. साहेबांना दाखवायचं होतं. मी दिलं. उद्या माणसं येतील, कॅमेरे लावतील, तोवर बोडीकडे कुणी फिरकायचं नाही, असं त्याने सांगितलं. हे सगळं त्याने नीट सांगितलं, आवाज न चढवता.

“मंग गाय काय खाईन?” जाऊने विचारलं. “तुही टोपी?”

“काकू, दोन-चार दिवसाची गोष्ट हाय.”

“व्याली गाय दोन-चार दिवस उपाशी राह्यते का बाप्पा? मी सकाळी जाईन. उजेड झाल्यावर. खोकत खोकत जाईन. त्याले समजन का मी हाय.”

“काकू, असं नाई चालत.”

“माहं तं असंच चालते.”

गार्डने माझ्याकडे बघितलं. मी जाऊला गळ घातली नाही. तिला ओळखते. समोरच्याने समजावायला घेतलं की तिचा हट्ट आणखी पक्का होतो. घाबरली होती, पण घाबरली म्हणून घरी बसेल अशी ती नाही. गाय हंबरली की ती विळा काढेल. प्रश्न वाघाचा उरला नव्हता. त्याचं जंगल खातं बघेल. प्रश्न गवताचा होता.

निघताना मी ट्रॅक्टरवाल्याला रस्त्यात गाठलं आणि विचारलं, तणस कुणाकडे आहे? धानाचा वाळला पेंढा आमच्याकडे तणस म्हणतात. त्याने नाव सांगितलं. मी म्हटलं, सकाळी उजेडाच्या आधी एक ट्रॉली भरायची. तो म्हणाला, “काकू मानन का?” मी म्हटलं, विचारतंय कोण.

मूलला पोचले तर दुरुस्तीवाल्याचा निरोप येऊन पडला होता: मॅडम, फोटो आले नाहीत. मी उत्तर लिहिलं, कॅमेऱ्यात दोष नाही, तुमचा वेळ घेतला. मग कॅमेऱ्यात घरातलं दुसरं कार्ड घातलं, मेनू उघडला, ‘प्राणी’ वर बोट ठेवलं आणि ‘माणूस’ वर आणलं. एवढं साधं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड फुटायच्या आत मी गावात होते. ट्रॉली भरून तयार होती. ट्रॅक्टरवाल्याला गाणं लावू दिलं नाही. जाऊच्या अंगणात शिरलो तेव्हा दार उघडं होतं आणि ती पडवीत उभी होती. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, विळा हातात. निघालेलीच.

तिने ट्रॉलीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“हे कोणी सांगतलं तुले?”

“गायीनं.”

“ओलं गवत खाणारी गाय हाय ती. वाळली तणस नाई तोंडात घेत.”

“भूक लागली की घेईल. मीठपाणी शिंपडून द्या.”

“तू मले नोको शिकवू. एक्स-रेवाली.” तिने शिवीसारखं म्हटलं, पण विळा खाली आणला होता.

तेवढ्यात मला आठवलं आणि मी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. चौकोन सरळ तिच्या चेहऱ्यावर जाऊन बसला आणि हलला नाही. ती रागावलेली होती, फडकं तिरपं झालं होतं, तोंड उघडं, पुढचा शब्द अर्धा बाहेर आलेला. मी दाबलं.

“आता काऊन काढला? शेतातला पायजे म्हणली होती ना मी!”

“सध्या हाच ठेवा.”

मी फोटो मोठा करून बघितला. तिच्या चेहऱ्याआधी मागचं बघितलं. भिंत, शेणाच्या गोवऱ्या, गायीचं शिंग, वासराचे पाय. दुसरं काही नव्हतं. आता प्रत्येक फोटोत मी आधी मागचं बघते.

मग पुढे होऊन तिच्या हातातला विळा घेतला, माझ्या पिशवीत तळाशी घातला, पदर खोचला आणि ट्रॅक्टरवाल्यासोबत तणस उतरवायला लागले. “असं नाई टाकत वं, भिजन ते” म्हणत माझ्या हातातली पेंढी तिने ओढून घेतली.